कणीस आणि कडबा

ज्वारीची मळणी उरकली की एका झाडाच्या दोन वाटा होतात. दाणा घरात जातो, कडबा गंजीला लागतो. दाणा माणसाचा आणि कडबा जनावराचा, ही वाटणी इतकी जुनी आहे की तिच्यामागे काही कारण असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. दुष्काळात दाणे संपले तरी माणूस कडब्याकडे वळत नाही. वळला तरी उपयोग नाही. पोट भरेल, अंगी काही लागणार नाही.

पण दाण्यातलं पीठ एका भांड्यात आणि कडब्यातला तंतू दुसऱ्या भांड्यात घेऊन दोन्ही आम्लात शिजवले, तर दोन्हीकडे शेवटी मुख्यतः एकच साखर हाती येते. ती म्हणजे ग्लुकोज, सलाईनच्या बाटलीतून रोग्याला देतात तीच. दोन्ही प्रयोग दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेले आहेत. १८११ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये किर्खहोफ या रसायनशास्त्रज्ञानं स्टार्चमध्ये पाणी आणि थोडं गंधकाम्ल घालून ते उकळत ठेवलं आणि त्याचा गोड पाक झाला. नेपोलियनच्या युद्धांमुळे युरोपात तेव्हा उसाची साखर दुर्मिळ झाली होती, त्यामुळे या पाकाची चर्चा बरीच झाली. १८१९ साली फ्रान्समधल्या नान्सी गावी ब्राकोनोनं त्याहून पुढची मजल मारली. त्यानं लिननच्या जुन्या चिंध्यांवर गंधकाम्ल वापरलं आणि चिंध्यांची साखर केली. फाटक्या सदऱ्यातून साखर निघते म्हटल्यावर लोक हसले असतील, पण हिशेब बरोबर होता.

या दोन धाग्यांची गाठ घालणारा माणूस आन्सेल्म पायें. १८३३ साली त्यानं पेर्सो या सहकाऱ्याबरोबर मोड आलेल्या सातूतून एक पदार्थ वेगळा केला. त्याच्या चिमूटभरानं पुष्कळशा स्टार्चची साखर होत असे, तीही आम्ल न घालता. त्या पदार्थाला त्यांनी डायास्टेज म्हटलं. वेगळं काढलेलं हे पहिलं एन्झाइम. पाचच वर्षांनी पायेंनं लाकूड, कापूस अशा नाना वनस्पतींचे भाग धुऊन, उकळून, त्यातलं विरघळणारं सगळं काढून टाकलं, तेव्हा खाली प्रत्येक वेळी एकच पांढरा तंतुमय पदार्थ उरला. तोच सेल्युलोज. त्यातलं कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं प्रमाण त्यानं मोजलं, तर ते नेमकं स्टार्चइतकंच निघालं. घटक तेच, प्रमाण तेच; मात्र एकाची खीर होते आणि दुसऱ्याचं धोतर. असं का, हे कळायला पुढं जवळजवळ शंभर वर्षं गेली.

ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन असतात. पाण्यात तो सरळ साखळीसारखा क्वचितच राहतो. वळून स्वतःलाच जोडून घेतो आणि षटकोनी कडं तयार होतं. कड्याच्या पाच कोपऱ्यांवर कार्बन, सहाव्यावर ऑक्सिजन. सहावा कार्बन बाहेर लोंबत राहतो. कडं मिटताना पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, कड्याच्या पातळीच्या खालच्या अंगाला राहू शकतो किंवा वरच्या. खाली राहिला तर अल्फा ग्लुकोज, वर राहिला तर बीटा. एवढाच फरक. बाकी एकही अणू इकडचा तिकडे होत नाही.

सुट्या ग्लुकोजला तर हा फरक कायमचा नसतोच. पाण्यात कडं उघडतं, मिटतं, पुन्हा उघडतं. कधीही पाहिलं तर साधारण एक तृतीयांश रेणू अल्फा आणि दोन तृतीयांश बीटा सापडतात. आज खाली असलेला गट उद्या वर. पण एका ग्लुकोजचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या चौथ्या कार्बनला जोडला गेला आणि मधून पाण्याचा एक रेणू बाहेर पडला, की ती बाजू पक्की होते. मग कडं उघडत नाही आणि अल्फाचा बीटा होत नाही. हजारो ग्लुकोज अल्फा पद्धतीनं जोडले तर स्टार्च, बीटा पद्धतीनं जोडले तर सेल्युलोज.

अल्फा जोडणीत प्रत्येक टप्प्यावर साखळी थोडी कलते. प्रत्येक सांधा त्याच बाजूला कलत राहिल्यानं ती स्प्रिंगसारखी वळत जाते. सुमारे सहा ग्लुकोजमागे एक वेढा. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकून काळानिळा डाग पाहिलेला सगळ्यांना आठवत असेल. तो रंग येतो कारण आयोडीन या वेटोळ्याच्या पोकळीत शिरून ओळीनं बसतं. दाण्यातल्या स्टार्चचा पाव भाग साधारण अशा सरळसोट साखळ्यांचा असतो. त्यांना अमायलोज म्हणतात. उरलेला भाग फांद्या फुटलेल्या अमायलोपेक्टिनचा. त्यात दर पंचवीस-तीस ग्लुकोजमागे एक फांदी निघते.

झाडाला साखर साठवायचीच आहे तर ती साखर म्हणूनच का साठवत नाही? कारण पेशीत सुटी साखर फार झाली की बाहेरचं पाणी आत ओढलं जातं आणि पेशी तटतटून फुगते. हे ओढणं रेणूंच्या वजनावर ठरत नाही, संख्येवर ठरतं. दहा हजार ग्लुकोज सुटे असले तर दहा हजार. एका साखळीत गुंफले तर एक. ज्वारीचा हुरडा गोड का लागतो आणि तेच कणीस काही दिवसांनी पिठूळ का होतं, याचं उत्तर इथंच आहे. हुरड्याच्या दाण्यात पानांकडून आलेली साखर अजून पुरती गुंफलेली नसते. दाणा टणक होईतो त्याचा साधारण सत्तर टक्के भाग स्टार्च होऊन बसतो. आपलं शरीरही हाच उपाय करतं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन साठतं. तेही अल्फा जोडणीचंच, फक्त फांद्या जास्त दाट. फांद्या जास्त तितकी टोकं जास्त, आणि ग्लुकोज टोकाकडूनच काढता येतं, म्हणून धावत सुटलेल्या माणसाला ते लगेच मिळतं. झाडाला कुठं धावायचं असतं?

बीटा जोडणीत दर दुसरा ग्लुकोज उलटा बसतो. एकाचा कल पुढच्यानं मोडून काढायचा, असं चालल्यानं साखळी वळतच नाही. सरळ, चपटी पट्टी होते. पट्टीच्या दोन्ही कडांना हायड्रॉक्सिल गट रांगेत उभे असतात. शेजारी दुसरी पट्टी आली की या गटांमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. एकेक बंध कमकुवत, पण एका साखळीत हजारो. अशा पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटून तंतू बनतो आणि त्या तंतूच्या आत पाण्याला शिरायला फट राहत नाही. ग्लुकोज स्वतः पाण्याचा इतका लोभी की चमचाभर टाकला तर बघता बघता विरघळतो. आणि त्याच ग्लुकोजचं बनलेलं सुती धोतर पिढ्यान्‌पिढ्या नदीवर आपटून धुतलं तरी विरघळत नाही. कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेली एकच लांबलचक पेशी, आणि तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज. तिच्यातल्या एकेका साखळीत दहा हजारांहून अधिक ग्लुकोज असू शकतात.

इतका मोठा रेणू असतो यावर मात्र रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास बसायला तयार नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेकांचं मत असं, की रबर, स्टार्च, सेल्युलोज ही छोट्या रेणूंची नुसती गर्दी आहे, कशानं तरी एकत्र राहिलेली. १९२० साली हेरमान स्टाउडिंगर यानं मांडलं की ही गर्दी नाही; खऱ्या रासायनिक बंधांनी जोडलेले हे अजस्र रेणू आहेत. पुढं दोनच वर्षांत त्यानं ‘महारेणू’ हा शब्दही वापरात आणला. सहकाऱ्यांनी त्याला हा नाद सोडायला सांगितलं. त्यानं सोडला नाही, आणि १९५३ साली त्याला नोबेल मिळालं. आज महारेणू म्हटलं की लोकांना डीएनए आणि प्रथिनं आठवतात. साखरेच्या महारेणूंची पाठ्यपुस्तकांत बोळवण होते, कारण त्यांच्यात वाचण्यासारखा मजकूर नाही. ग्लुकोजमागून ग्लुकोज, बस. माझ्या मते हा अन्याय आहे. एकच अक्षर दोन तऱ्हांनी गिरवून निसर्गानं एकीकडे कोठार भरलंय आणि दुसरीकडे ताट उभं केलंय, हे काय कमी आहे?

आता पचनाकडे. बर्लिनमध्ये एमील फिशर साखरेच्या रचनेवर काम करत होता. त्यानं ग्लुकोजला छोटासा मिथाइल गट जोडून दोन पदार्थ बनवले, एकात जोड अल्फा, दुसऱ्यात बीटा. मग त्यावर यीस्टचा अर्क टाकला. अल्फा फुटला, बीटा जसाच्या तसा राहिला. कडू बदामातल्या इमल्सिन नावाच्या एन्झाइमनं बरोबर उलट केलं: बीटा फोडला, अल्फाला हातही लावला नाही. १८९४ सालच्या निबंधात फिशरनं लिहिलं की एन्झाइम आणि त्याचा पदार्थ यांचं नातं कुलूप-किल्लीसारखं असलं पाहिजे. पुढं जीवशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात गेलेली ही उपमा जन्मली ती नेमकी या अल्फा-बीटाच्या फरकातून, हे फारसं कोणी सांगत नाही.

आपल्याकडे किल्ली आहे ती अल्फाची. भाकरीचा घास सावकाश चावत राहिलं तर थोड्या वेळानं तो गोडसर लागतो. लाळेतल्या अमायलेजनं काम सुरू केलेलं असतं. राहिलेलं काम स्वादुपिंडाचं अमायलेज आणि लहान आतड्याच्या भिंतीवरची एन्झाइमं करतात. लाळेतल्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसामाणसांत कमीजास्त असतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की धान्य-कंदांवर जगत आलेल्या समाजांमध्ये या प्रती सरासरीनं जास्त आहेत. २०१३ साली तसंच कुत्र्यांचंही दिसलं. लांडग्यात स्वादुपिंडाच्या अमायलेजच्या जनुकाच्या दोनच प्रती, कुत्र्यात त्या कितीतरी जास्त. वस्तीवरचं कुत्रं शिळ्यापाक्या भाकरतुकड्यावर जगतं ते नुसत्या इमानामुळे नव्हे. बीटाची किल्ली मात्र माणसाकडे नाही, कुत्र्याकडे नाही, आणि गंमत म्हणजे गाईकडेही नाही.

कच्चा स्टार्चही तसा सहज हाती लागत नाही. दाण्यात तो घट्ट रचलेल्या कणांच्या रूपात असतो. पाणी सत्तर अंशांच्या आसपास तापलं की हे कण पाणी पिऊन फुगतात, आतली रचना विस्कटते आणि साखळ्या मोकळ्या होतात. मग अमायलेजला जागा मिळते. भाकरीचं पीठ आधणाच्या पाण्यात मळण्यामागचं रहस्य हेच. गव्हातलं ग्लूटेन ज्वारीत नाही, पीठ धरून ठेवायला काही नाही. गरम पाण्यानं थोडा स्टार्च फुलतो, चिकट होतो आणि तोच बांधून धरतो. तरीही पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल तर थापताना भाकरीच्या कडा चिरतात, आणि सुगरणीचंही काही चालत नाही. भाकरी गार झाली की मोकळ्या झालेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींशेजारी बसू लागतात, पाणी बाहेर ढकललं जातं आणि संध्याकाळपर्यंत भाकरी कडक होते. अशा पुन्हा रचल्या गेलेल्या स्टार्चचा थोडा भाग लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात.

तर गाय कडबा कशी पचवते? ती पचवत नाही, पचवून घेते. तिच्या जठराचा पहिला कप्पा, रूमेन, मोठ्या गाईत शंभर लिटरांहूनही मोठा असतो. आत तापमान एकोणचाळीस अंशांच्या आसपास, ऑक्सिजन जवळजवळ नाही, आणि जिवाणू, आदिजीव, बुरशी यांची अफाट वस्ती. त्यांच्यातल्या काहींकडे सेल्युलेज आहे, म्हणजे बीटाची किल्ली. पण किल्ली असून भागत नाही, कुलपापर्यंत पोचावं लागतं, आणि सेल्युलोजच्या पट्ट्या तर एकमेकींना घट्ट बिलगलेल्या. म्हणून हे जिवाणू तंतूला अक्षरशः चिकटून बसतात. गाय बसल्या बसल्या रवंथ करते तेव्हा ती चावून चावून त्यांना चिकटायला नवे पृष्ठभाग करून देत असते.

एवढं करून निघालेलं ग्लुकोज गाईला मिळतच नाही. जिवाणूच ते आंबवतात आणि त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्लं बाहेर टाकतात. गाय ती शोषून घेते. तिच्या ऊर्जेचा साधारण सत्तर टक्के वाटा त्यांचाच. आंबवताना तयार झालेल्या हायड्रोजनचा मिथेन होतो आणि तो ढेकरेवाटे बाहेर जातो, दिवसाला काहीशे लिटर. पुढच्या कप्प्यांत खुद्द जिवाणूही वाहून येतात आणि गाय त्यांना पचवून त्यांची प्रथिनं घेते. गाय शाकाहारी असते ती तोंडापुरतीच, असं म्हणायला हरकत नाही.

आता उलटं पाहू. दावं तोडून बैल रात्री धान्याच्या राशीला लागला आणि पोटभर दाणे खाऊन बसला, तर सकाळी धावाधाव होते. दाणे हे उत्तम अन्न. मग बैल का पडतो? अल्फा जोडणी सगळ्यांनाच सहज फुटते म्हणून. रूमेनमधल्या जिवाणूंना स्टार्चचा एवढा साठा एकदम मिळाला की काही तासांत लॅक्टिक आम्लाचा पूर येतो, कप्प्याची आम्लता बिघडते आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जनावर दगावतं. ज्याचं पोट सावकाशीसाठी बांधलंय त्याला घाईचं अन्न सोसत नाही.

बीटाची किल्ली इतरांकडेही आहे. वाळवीच्या काही जाती वारुळात बुरशीची शेती करतात. चघळलेलं लाकूड आणि पालापाचोळा तिला खाऊ घालतात आणि तिनं पचवलेलं स्वतः खातात. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळांवर जी अळंबी उगवतात, ज्यांच्यासाठी बाजारात झुंबड उडते, ती याच शेतीची फळं. सगळ्यात उपयोगी किल्ली सापडली ती मात्र युद्धात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे भराभर कुजू लागले. त्यांच्यावरच्या बुरशींत एक जबरदस्त सेल्युलेज सोडणारी निघाली. ती रोखायची कशी यावर काम सुरू झालं आणि शेवटी तीच कामाला लावली गेली. एल्विन रीस या संशोधकाच्या नावावरून तिला ट्रायकोडर्मा रीसी म्हणतात. आज जीन्सला जुनाट, विटका रंग द्यायला दगडांऐवजी सेल्युलेज वापरतात; ते कापडाचा वरचा थर कुरतडतं आणि त्याबरोबर निळा रंग निघतो.

कापडाच्याच धंद्यात फिशरचा प्रयोग रोज टनावारी होतो. इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावात ताण्याच्या सुताला विणण्याआधी खळ देतात, म्हणजे स्टार्चचा लेप, नाहीतर मागावरच्या घर्षणानं धागे तुटतात. बीटाच्या धाग्यावर अल्फाचा थर. विणून झाल्यावर रंगाईआधी ही खळ काढावी लागते. आम्लानं काढली तर धागाही जायचा. म्हणून कापड अमायलेजच्या द्रावणातून नेतात. एन्झाइम स्टार्च खाऊन टाकतं, आणि शेजारीच असलेल्या, त्याच ग्लुकोजच्या बनलेल्या सुताच्या केसालाही धक्का लागत नाही.

बीटाची किल्ली इंधनासाठीही लागते. हरियाणातल्या पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये इंडियन ऑइलच्या ज्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं, तो भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढण्यासाठी आहे. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. काम साधारण रूमेनचंच, पण गाईला जे चघळून जमतं त्यासाठी इथं वाफ, दाब आणि रसायनं लागतात. अडथळा नुसत्या सेल्युलोजचा नाही. ताटात सेल्युलोजच्या तंतूंभोवती हेमिसेल्युलोजचं जाळं असतं आणि त्या सगळ्यावर लिग्निनचं लिंपण. लिग्निन साखरेचं नाहीच. ते वेगळ्याच जातीच्या घटकांचं वेडंवाकडं जाळं आहे आणि गाईच्या पोटातही ते जवळपास तसंच राहतं. कडबा जून झाला की गुरं बुडख्याकडची चिपाडं गव्हाणीत सोडून देतात, त्याचं कारण हे लिग्निन.

मग लिग्निन कमी असलेली ज्वारी का नाही पेरायची? तशी ज्वारी आहे. १९७८ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी रसायनांनी जनुकबदल घडवून काही वाणं मिळवल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांच्या पानाची मधली शीर पांढरी नसते, तपकिरी असते. लिग्निन कमी, जनावरांना पचायला सोपी. पण त्यांतली बरीच वाणं उत्पन्नाला कमी भरतात, आणि वारं सुटलं की लोळतात. हिरव्या चाऱ्यासाठी लवकर कापायची असेल तर चालतं. कणीस भरेपर्यंत उभी ठेवायची असेल तर कठीण. मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी रब्बीत इतकी वर्षं टिकली ती भाकरीच्या चवीवर तर खरीच, पण तितकीच कडब्यावर. नव्या संकरित वाणांचं ताट बुटकं असलं की शेतकरी पहिला प्रश्न वैरणीचा काढतो. सोलापूरच्या रब्बी ज्वारी केंद्रातही नवं वाण तपासताना हेक्टरी दाणा किती याच्या शेजारच्या रकान्यात कडबा किती हेही लिहिलं जातं.